केबलींना लेबलं हवीत की नकोत? कंत्राटदार म्हणतो उगाच खर्च

वेर्णेकर
मंडळी, सल्ला हवाय. गोव्यात वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी आयटी बघतो. मागच्या बाजूला नवीन दोन मजली ब्लॉक उभा राहतोय, खाली पॅकिंग आणि स्टोअर, वर ऑफिस. साधारण १८० नेटवर्क पॉइंट, शिवाय कॅमेरे, वायफायचे एपी (ॲक्सेस पॉइंट), हजेरीची मशीनं, दोन रॅक आणि जुन्या बिल्डिंगला जोडणारी फायबर. कोटेशनमधे लेबलिंगची वेगळी लाइन होती आणि मॅनेजमेंटने नेमका त्याच लाइनवर लाल पेन मारलाय. कंत्राटदाराचं म्हणणं, "साहेब, काम माझ्या पोरांच्या लक्षात असतं, लेबल कशाला?" पोरं महिन्याभरात तिसऱ्याच साइटवर असणार हे त्यालाही ठाऊक आणि मलाही.

जुन्या ब्लॉकची अवस्था सांगतो म्हणजे मी का भांडतोय ते कळेल. २४ पोर्टचे पॅच पॅनेल (भिंतीतून येणाऱ्या केबली रॅकमधे जिथे संपतात ती भोकांची पट्टी), वर कागदाच्या पट्ट्या, त्यावर सेलोटेप. दोन पावसाळ्यांत सेलोटेप पिवळी पडून सुटते, मागे डिंक राहतो आणि त्याला धूळ चिकटते. जी अक्षरं वाचता येतात त्यात "अकाउंट्स ३" लिहिलंय, आणि अकाउंट्सवाले त्या खोलीतून कधीचेच हललेत. एक पॉइंट शोधायचा म्हणजे एक माणूस रॅकशी, एक टेबलाखाली, आणि फोनवर "आता गेला? आता आला?"

प्रश्न दोनच. लेबलांसाठी अडून बसावं का? आणि लेबलवर नक्की लिहायचं काय?

काजूबोंडू
अडून बस. पुढचा प्रश्न.

पुणेरी_पिंग
स्पष्टच सांगतो, लोक उगाच लेबलांचं देव्हारं माजवतात. मॅनेज्ड स्विच घेतलाय ना? एलएलडीपी चालू करा (उपकरणं आपली ओळख स्विचला आपणहून सांगतात), मॅक टेबल बघा (कुठल्या पोर्टवर कुठल्या उपकरणाचा मॅक नंबर दिसतोय त्याची स्विचमधली यादी), कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते खुर्चीवरून न उठता कळतं. २००५ पासून हे स्टँडर्ड आहे, सगळे ब्रँड एकमेकांशी बोलतात. कागद चिकटवत बसायचे दिवस गेले. लेबल आज खरं असतं, उद्या कोणीतरी कॉर्ड हलवतो आणि लेबल खोटं बोलायला लागतं. स्विच खोटं बोलत नाही.

मांडवीकाठचा
पुण्याहून गोव्यातल्या टेबलाखाली बघणारा माणूस आला. या, बसा, सोलकढी घ्या.

रॅकरावण
पिंगभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे म्हणून अर्ध्यावरच भांडतो.

एलएलडीपी काय सांगतं? की स्विचच्या १७ नंबर पोर्टवर अमुक फोन किंवा अमुक एपी आहे. मधे पॅच पॅनेल आहे हे त्याला माहीतच नसतं, कारण पॅनेल म्हणजे नुसता तांब्याचा सांधा, त्याला ना वीज ना डोकं. त्यामुळे १७ नंबरची केबल पॅनेलच्या कुठल्या भोकात जाते आणि तिथून भिंतीतल्या कुठल्या बॉक्सला निघते हे तुमचा स्विच जन्मात सांगणार नाही. दुसरं, रिकामा पॉइंट. त्याला काही लावलेलंच नाही तर मॅक कुठून येणार? आणि साहेब नेमका रिकामाच पॉइंट चालू करायला सांगतात. तिसरं, हजेरीची मशीन, स्वस्तातला कॅमेरा, वजनकाट्याचा कन्व्हर्टर, ही मंडळी एलएलडीपी बोलत नाहीत, मॅक बघून "कुठल्यातरी कंपनीचा डबा" एवढंच कळतं. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला केबल शोधायची गरज पडते तेव्हा बहुतेक वेळा ती मेलेली असते. मेलेल्या केबलवर एलएलडीपी येत नाही हो.

बाकी लेबल खोटं बोलतं हे मात्र शंभर टक्के खरं. त्यावर कोणी लिहिलं नाही तर रात्री मी लिहितो.

फेरूलकाका
मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, पॅनेल वायरिंगचं काम, कुंडईला वर्कशॉप. आयटीवाल्यांचं हे रडगाणं मला कधी समजलेलं नाही. आमच्याकडे मोटर कंट्रोल पॅनेल उघडा, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबरचं फेरूल (वायरवर चढवलेली छोटी नळी), ड्रॉइंगमधे जो नंबर तोच वायरवर. फेरूल नसलं तर क्लायंटचा इन्स्पेक्टर पॅनेल पास करत नाही, माल वर्कशॉपमधून हलत नाही. तुम्ही लोक लाखोंचा स्विच बसवता आणि वायरवर मार्करने "सीसीटीव्ही मेन" लिहून मोकळे. तेही एकाच टोकाला!

एक किस्सा. एका हॉटेलात, नाव सोडा, यूपीएस बदलायला गेलो होतो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, आयटीचा पोरगा म्हणाला काका बिनधास्त एक यूपीएस बंद करा, दुसऱ्यावर चालेल. मी आपलं सवयीने कॉर्ड हाताने चाचपत मागे गेलो. दोन्ही कॉर्ड एकाच यूपीएसच्या पट्टीत! कोणीतरी कधीतरी साफसफाई करताना सोयीचं सॉकेट बघून खोचलेली. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या, कोणाला कळणार? बंद केला असता तर रिसेप्शनवर चेक-इनची रांग आणि खापर माझ्या डोक्यावर. दोन रंगाच्या टेपचे तुकडे, एका फीडला ए आणि दुसऱ्याला बी, कॉर्डच्या दोन्ही टोकांना आणि पट्टीवर. एवढंच हवं होतं. वेर्णेकर, डेटाच्या केबलींबरोबर पॉवरच्या कॉर्डचं पण कोटेशनमधे घाला, ते सगळेच विसरतात.

वेर्णेकर
काका, हे डोक्यातच नव्हतं. घालतो.

पुणेरी_पिंग
रॅकरावण, रिकाम्या पॉइंटचा मुद्दा मान्य. पण तेवढ्यासाठी टोनर आहे की. एका टोकाला पिपाणी लावा, दुसऱ्या टोकाला प्रोब फिरवा.

डिचोलीकर
टोनर! चालू स्विचला लावलेल्या केबलवर साधा टोनर लावून बघा एकदा, आवाज मरतो. केबल काढून लावली की आवाज येतो, पण शेजारच्या पाच केबलींवर पण येतो, कारण सगळ्या एकाच बंडलात आवळून बांधलेल्या. मग त्यातल्या त्यात कुठे जोरात वाजतंय ते कान लावून ऐकायचं, रॅकमधले पंखे घोंघावत असताना. चांगला डिजिटल टोनर असेल तर ठीक, पण त्या किमतीत लेबल प्रिंटर आणि वर टेपचे डबे येतात.

सुरंगी
मी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. आमच्याकडचा अनुभव वेगळा आहे, इथे केबल शोधण्यापेक्षा केबल कोणी खोचली हा प्रश्न असतो. एका पोराने जमिनीवर पडलेली पॅच कॉर्ड बघितली, दोन्ही टोकं मोकळी, त्याने भल्या मनाने दोन्ही टोकं टेबलावरच्या छोट्या स्विचमधे लावून टाकली. झालं, लूप, तोच डेटा गोल गोल फिरत राहिला. सगळी लॅब बंद, वरच्या मजल्यावरची लायब्ररी पण बंद. असे लूप तोडणारं स्पॅनिंग ट्री १९८५ साली रॅडिया पर्लमनबाईंनी शोधून ठेवलंय म्हणून मी शिकवते, आणि तो टेबलावरचा स्वस्तातला डबा स्पॅनिंग ट्री करतच नाही! आता प्रत्येक कॉर्डच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, आणि टेबलावरच्या भोकालाही तोच. पोरांना सांगितलंय, नंबराला नंबर जुळला नाही तर हात लावायचा नाही. खरंच फरक पडलाय, मुलं नियम पाळतात असं नाही, पण नंबर दिसला की हात जरा थांबतो.

काजूबोंडू
@सुरंगी तुमच्या लॅबमधे मी पण शिकलेलो असण्याची दाट शक्यता आहे. तो पोरगा मी नव्हतो एवढं लिहून ठेवतो.

साळगांवचो_बाब
आमच्या ऑफिसात रॅकमधे एक निळी केबल आहे, तिला लेबल आहे: "काढण्याआधी ह्या नंबरवर फोन करा", खाली मोबाईल नंबर. तो बाबा पोर्तुगीज पासपोर्ट करून आता इंग्लंडात, स्विंडनला. नंबर लागत नाही. केबल कशाची कोणाला माहीत नाही. स्विच दोनदा बदलला, ती केबल दोन्ही वेळा देवाच्या पालखीसारखी उचलून नव्या स्विचमधे नेऊन लावली.

मांडवीकाठचा
चवथीला तिला पण दुर्वा वाहा.

रॅकरावण
साळगांवकरांची केबल म्हणजे वेर्णेकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच आहे. लेबल होतं, मोठं होतं, वाचता येत होतं, आणि तरी निरुपयोगी होतं. कारण त्यावर माणूस लिहिलेला होता, जागा नाही.

माझा नियम: लेबलवर कधी न बदलणारी गोष्टच लिहायची. माणूस बदलतो, डिपार्टमेंट हलतं, आयपी बदलतो, व्हीलॅन (नेटवर्कचा आतला कप्पा) बदलतं. भिंत, खोली, रॅक, पॅनेल, पोर्ट ही हलत नाहीत. टीआयए ह्या अमेरिकन संघटनेचं ६०६ हे स्टँडर्ड नेमकं ह्यासाठीच आहे, १९९३ मधे पहिलं आलं, २०२१ ला डी आवृत्ती आली. त्यातली पद्धत सोपी करून सांगतो. १ए-बी४७ असं लिहिलं की पहिला मजला, ए नावाची रॅकरूम, बी पॅनेल, ४७ वा पोर्ट. हेच लेबल तीन ठिकाणी: पॅनेलवर, केबलच्या दोन्ही टोकांना, आणि टेबलापाशी फेसप्लेटवर. मग खालचा माणूस फोन करून "माझा पॉइंट १ए-बी४७ चालत नाही" म्हणाला की तुम्ही सरळ त्या भोकावर बोट ठेवता. "आता गेला? आता आला?" बंद.

त्या पॉइंटवर आज कोण बसतं, कुठलं व्हीलॅन, ते सगळं रेकॉर्डमधे. लेबल म्हणजे फक्त चावी, माहिती रेकॉर्डमधे. पिंगभाऊ, लेबल खोटं बोलतं ते त्यावर माहिती लिहिली की. नुसता पत्ता लिहिलात तर त्याला खोटं बोलायला काही उरतच नाही.

डिचोलीकर
+१. फक्त एक अपवाद, पॅच कॉर्ड. स्विच ते पॅनेल ही छोटी कॉर्ड वरचेवर हलते, तिला जागेचा पत्ता दिला की आठवड्यात खोटा ठरतो. तिला नुसता अनुक्रमांक द्या, दोन्ही टोकांना एकच, सुरंगीताईंच्या लॅबसारखा. ४८ कॉर्डच्या जंजाळात ३१२ चं दुसरं टोक शोधायचं तर ३१२ शोधायचं, ओढून बघायचं नाही. आता पीओईमुळे (नेटच्याच केबलीतून वीज) तर केबल काढली म्हणजे नुसतं नेट जात नाही, वीजच जाते. ओढून बघता बघता गेटवरचा कॅमेरा बंद पडतो.

तिसवाडी_नाइट्स
जरा वेगळा सूर. आमचं १२ जणांचं ऑफिस, पणजीत, एक स्विच, एक राउटर. आम्ही पण १ए-बी४७ करायचं का? एवढ्याशा लग्नाला किती वाजंत्री?

रॅकरावण
नाही हो. १२ जणांना १ ते १२ पुरे. फक्त भिंतीवर ५ तर स्विचकडच्या टोकाला पण ५. आणि एक काम आजच करा, नेट देणाऱ्या कंपनीचा सर्किट आयडी किंवा कस्टमर नंबर आणि तक्रारीचा फोन त्या ओएनटीच्या (फायबर येऊन लागते त्या) डब्यावर चिकटवा. नेट गेलं की पहिला प्रश्न तोच विचारतात आणि तो नंबर नेमका अशा ईमेलमधे असतो जी नेट असल्याशिवाय उघडत नाही.

तिसवाडी_नाइट्स
हे आवडलं. आत्ताच चिकटवलं.

वाळपय_फायबर
मी सत्तरी तालुक्यात केबल-इंटरनेटचं काम करतो, घराघरात फायबर. तुमचं हे एसीतलं लेबलिंग, माझं खांबावरचं. खांबांवरच्या वायरींचा विषय हायकोर्टापर्यंत गेला हे वाचलंच असेल सगळ्यांनी, तर आमच्या धंद्यात आता "ही वायर कोणाची" ह्या प्रश्नाला फार किंमत आलीय. वायरवर टॅग नसला तर ती कोणाचीच नाही, आणि कोणाचीच नाही ती कापली जाते.

मे २०२१, तौक्ते वादळ. झाडं पडली, खांब आडवे, दिवसच्या दिवस लाइट नाही. लाइट आली तशी फोनवर फोन. एका स्प्लिटरवर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणारा डबा) १६ घरं म्हणजे बॉक्समधे घरांकडे जाणाऱ्या १६ ड्रॉप केबली, सगळ्या काळ्या चपट्या. ज्या बॉक्समधे प्रत्येक ड्रॉपवर गिऱ्हाइकाचा नंबर टॅग केलेला होता तिथे वाट सरळ होती, चार घरं गेलीत, चार टॅग बघा, त्याच चार केबली नव्या ओढा, निघा. ज्या बॉक्समधे टॅग नव्हते तिथे एक पोरगा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन लाल लेझर मारणार आणि दुसरा शिडीवर बसून कुठली तार लाल दिसतेय बघणार, भर दुपारच्या उन्हात, की ऊन आहे म्हणून नीट दिसतही नाही. लोक म्हणतात ओटीडीआर आहे ना, फायबरमधे प्रकाश सोडून तुटलेली जागा मोजणारं यंत्र. ओटीडीआर अंतर सांगतं, ७४० मीटरवर तुटलंय म्हणेल. स्प्लिटरच्या पुढे कोणाची तुटलीय ते एक्सचेंजकडून बघून नाही कळत, सगळ्या फांद्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळून परत येतो.

आणि कृपा करून चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. १३१० आणि १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तिथे काही नाही असं नसतं.

सुरंगी
@वाळपय_फायबर टॅग कसले वापरता? पावसात कागद तर टिकणार नाही.

वाळपय_फायबर
ताई, कागद नावालाच नको. प्लॅस्टिकचा जाडसर टॅग, वर कोरलेले किंवा लॅमिनेटेड छापलेले अक्षर, दोन ठिकाणी उन्हात टिकणाऱ्या काळ्या टायने बांधलेला. पांढरा टाय उन्हात कडक होऊन तुटतो. परमनंट मार्कर म्हणतात तो इथे परमनंट नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यात वरून ऊन, पुसट होऊन जातो. घरात चालेल, खांबावर नाही.

मोगाळ_मोगरा
धाग्याशी संबंध नाही पण लिहिते. आमच्या ह्यांनी ऑफिससाठी लेबल मशीन आणली, घरी शिकायला म्हणून. आता माझ्या फडताळात सोलां, तिरफळां, करमलांचं लोणचं, सगळ्याला १२ मिलिमीटरची पट्टी. सासूबाई म्हणतात डोळ्यांना दिसत नाही, वास घेऊन कळतं. लोणच्याला वास आहे हो, केबलीला नाही.

काजूबोंडू
जळाली की येतो.

फेरूलकाका
🤣 खरं बोललास रे बाबा.

डिचोलीकर
मोगाळताईंच्या ह्यांच्याकडे मशीन आहेच तर टेपबद्दल सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. साधी लॅमिनेटेड टेप सपाट जागेसाठी, म्हणजे पॅनेल, फेसप्लेट, स्विच. तीच टेप बारीक केबलभोवती गुंडाळली की टोक थोड्या दिवसांनी उठतं आणि मग केस-धूळ गोळा करतं. केबलसाठी वेगळी लवचिक टेप मिळते, ती घ्या. नाहीतर झेंडा करा, टेप केबलभोवती घेऊन दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवा, दोन्ही बाजूंना तेच छापा. सगळ्यात टिकाऊ म्हणजे सेल्फ-लॅमिनेटिंग लेबल, वरच्या पांढऱ्या भागावर अक्षर, खालचा पारदर्शक भाग गुंडाळून अक्षरावरूनच येतो. अक्षर झाकलेलं राहतं, हात लागून पुसत नाही.

नुसत्या रंगावर विसंबू नका. निळी डेटा, लाल कॅमेरा, हिरवी फोन असं लोक करतात, चांगलं आहे, पण निळ्या संपल्या की माणूस जी हातात येईल ती लावतो. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं आपल्यात आहेत.

पुणेरी_पिंग
फायबरवाल्यांना तर १२ रंग तोंडपाठ करावे लागतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळसर. २४ फायबर असली की परत पहिल्यापासून, वेगळ्या ट्यूबमधे. तिथे मी लेबलवाल्यांच्या बाजूने आहे, नोंद घ्यावी.

मांडवीकाठचा
पुणं पडलं! फेणी काढा.

साळगांवचो_बाब
सुरक्षेचं पण कोणीतरी बोला. आमच्या शेजारच्या इमारतीत जिन्याच्या पॅसेजमधून उघड्या पट्टीत केबली जातात आणि त्यावर ठळक "डीव्हीआर" आणि "अलार्म". चोराला वेगळा नकाशा कशाला?

रॅकरावण
बरोबर. म्हणूनही पत्ता लिहायचा, काम नाही लिहायचं. १ए-सी०९ वाचून चोराला काही कळत नाही, तुम्हाला कळतं.

वेर्णेकर
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता अडचण अशी की मॅनेजमेंट लाइन परत घालायला तयार झालंय, पण कंत्राटदार म्हणतो शेवटी करून देतो, सगळ्या केबली ओढून झाल्या की पोरं एक दिवस बसून लेबल लावतील. चालेल?

डिचोलीकर
अजिबात नाही!! शेवटी म्हणजे कधीच नाही, आणि केलंच तर अंदाजाने.

बघ, सीलिंगमधून एका वेळी आठ-दहा केबली एकत्र ओढतात. ओढायच्या आधी प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि केबलच्या टोकावर तोच नंबर मार्करने. मग खोक्याकडून कापताना दुसऱ्या टोकावर तोच. इथे मेख आहे: टोकावरच लिहिलं तर पंचिंग करताना (केबलच्या तारा पॅनेलमधे बसवताना) पोरगा नेमकं तेच टोक छाटतो आणि नंबर कचऱ्यात जातो. म्हणून दोनदा लिहायचं, एकदा टोकाशी आणि एकदा हातभर मागे. कायमचं लेबल टर्मिनेशन आणि टेस्टिंग झाल्यावर, जॅकेट संपतं तिथून ३०० मिलिमीटरच्या आत, म्हणजे रॅकच्या मागे उभं राहून वाचता येईल असं. केबल मॅनेजरच्या पोटात गेलेलं लेबल लावून न लावल्यासारखं.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते, केबलच्या जॅकेटवर मीटरचे आकडे छापलेले असतात. ३०५ मीटरचं खोकं असतं. एका टोकाला ०४१ आणि दुसऱ्या टोकाला ११२ वाचलंत की ती केबल ७१ मीटर. हे दोन आकडे रेकॉर्डमधे टाकून ठेव. उद्या लेबल गळून पडलं तरी जॅकेटवरचे आकडे बघून केबल ओळखता येते, आणि ९० मीटरच्या मर्यादेच्या आत आहे का तेही कागदावर दिसतं.

वेर्णेकर
मीटरचे आकडे! डोळ्यासमोर असून कधी तसे बघितले नव्हते.

फेरूलकाका
वर्क ऑर्डरमधे लिही, नाहीतर तोंडी सगळे हो म्हणतात.

वेर्णेकर
काका, लिहिलंय, सांगा कसं वाटतं: "प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना, पॅच पॅनेलवर व फेसप्लेटवर लेबल लावणे. टेस्ट रिपोर्ट व नकाशा देणे. हे पूर्ण झाल्याशिवाय शेवटचे २० टक्के बिल दिले जाणार नाही."

रॅकरावण
बिलाचं कलम झकास. पण तीन भोकं आहेत. "लेबल" म्हणजे काय ते लिही, नाहीतर मार्करने लिहून देतील आणि म्हणतील हे घ्या लेबल. "मशीनवर छापलेले, केबलसाठी योग्य प्रकारचे" असं घाल. दुसरं, टेस्ट रिपोर्टमधला नंबर आणि लेबलवरचा नंबर एकच पाहिजे असं घाल. टेस्टर आपोआप ००१, ००२ असे नंबर देत जातो आणि पोरं ते तसेच ठेवतात, मग १८० पानांचा रिपोर्ट येतो आणि कुठलं पान कुठल्या पॉइंटचं ते कोणालाच कळत नाही. तिसरं, नकाशा पीडीएफ नको, एक्सेल हवं, पुढे तुला बदल करायचेत.

पुणेरी_पिंग
एक्सेलपेक्षा नेटबॉक्स घाला, नेटवर्कच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, २०१६ पासून ओपन सोर्स. केबल कुठून कुठे जाते ते मधल्या पॅनेलसकट दाखवतं.

डिचोलीकर
नेटबॉक्स छान, पण आधी एक्सेल भरू दे त्याला. रिकाम्या नेटबॉक्सपेक्षा भरलेली एक्सेल बरी. आणि वेर्णेकर, ताब्यात घेताना कंत्राटदाराने दाखवलेले पॉइंट बघू नकोस, तू कुठलेही पंधरा-वीस निवड, फेसप्लेटवरचा नंबर वाच आणि रॅकमधे तीच केबल आहे का बघ. एक जरी चुकला तर सगळे १८० परत तपासून द्यायचे हे पण ऑर्डरमधे.

सुरंगी
आणि ती एक्सेल पुढे अपडेट कोण करणार ते नाव पण ठरवा. आमच्याकडे यादी छान होती, दोन वर्षांनी यादीतली लॅबच पाडून सेमिनार हॉल झाला आणि यादी तशीच.

वेर्णेकर
नाव माझंच घालतो, दुसरं कोण आहे. सगळं घालून ऑर्डर पाठवली. कंत्राटदाराचा लगेच फोन, "साहेब, एवढं असेल तर टेप तुमची की आमची?"

फेरूलकाका
टेप त्याची. मशीन पण त्याची. तू फक्त नंबरांची यादी द्यायची, तीही काम सुरू व्हायच्या आधी. नंबर त्याने ठरवले तर पुढची दहा वर्षं त्याच्याच पोरांना फोन करत बसशील.

साळगांवचो_बाब
स्विंडनला.